उपनगरांतील मतदारांची साक्ष : मिडलसेक्स परगण्याच्या मतवह्या (इ. स. १७६८–६९)

(१)

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें हाताळणारास महजराचा शेवटचा भाग सुपरिचित असतो. वादाची हकीकत व निवाडा सांगून झाला म्हणजे खालीं गोताची साक्ष येते. पाटील, कुळकर्णी, बलुते यांचीं नांवें ओळीनें लागतात, आणि ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्या नांवापुढें त्याच्या वृत्तीची निशाणी असते; पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. पुष्कळ अभ्यासक वरील मजकूर उतरून घेतात व साक्षींपाशीं लेखणी ठेवतात. वस्तुतः त्या दिवशीं गोतसभेस कोण आलें होतें याचा पुरावा त्या शेवटच्या ओळींतच असतो. जो आला नाहीं त्याचीही कांहीं कथा असणारच; परंतु ती कागद आपण होऊन सांगत नाहीं.

हाच प्रश्न आज आम्ही एका परदेशीय साधनाच्या आधारें वाचकांपुढें मांडीत आहों. कोणतीही निवडणूक झाली म्हणजे उपनगरांतील वस्तीविषयीं दोन गोष्टी एका दमांत विचारल्या जातात; तिचा राजकीय कल कोणीकडे आहे, आणि मतास किती लोक आले. हे दोन प्रश्न भिन्न आहेत. एकाचें उत्तर दुसऱ्यास लावूं गेल्यास फसगत होते. ही फसगत कशी होते हें आंकड्यांनिशीं दाखविण्यास इंग्लंडांतील मिडलसेक्स परगण्याच्या इ. स. १७६८ व १७६९ या सालांच्या मतवह्यांसारखें साधन विरळा.

(२)

मिडलसेक्स परगणा टेम्स नदीच्या उत्तर तीरावर लंडन शहर व वेस्टमिन्स्टर यांस वेढून पसरलेला होता. शहराचे व वेस्टमिन्स्टरचे प्रतिनिधि पार्लमेंटांत स्वतंत्रपणें जात. परगण्याचे दोन प्रतिनिधि निराळे असत. अठराव्या शतकांत शहर आपल्या वेशींत मावेनासें झालें होतें. त्याची वस्ती पूर्वेस व्हाइटचॅपेल, स्टेपनी, शोरडिच, बेथनल ग्रीन या भागांत, व उत्तरेस क्लार्कनवेल व हॅकनेकडे ओसंडून परगण्यांत शिरली होती. स्पिटलफील्ड्सचे रेशीमविणकर, वॅपिंगच्या धक्क्यावरील खलाशी व कोळसा वाहणारे, क्लार्कनवेलचे घड्याळजी हे सर्व या नव्या वस्तीचे रहिवासी. उलटपक्षीं पश्चिमेस हॅरो, ईलिंग, अक्सब्रिज या बाजूस शेतेंभातें, खेडीं व श्रीमंतांचे बाग-बंगले होते. एकाच परगण्याचीं हीं दोन तोंडें. एक शहराकडे पाहणारें, दुसरें शेताकडे.

मताचा अधिकार मात्र रहिवासावर नव्हता. वर्षास चाळीस शिलिंग म्हणजे दोन पौंड उत्पन्नाची पूर्ण मालकीची स्थावर मिळकत ज्याची, तो मतदार, असा पंधराव्या शतकांतील कायदा होता. आपल्याकडील मिरासदार व उपरी यांचा भेद ज्यांस ठाऊक आहे त्यांस या कायद्याचें धोरण चटकन् ध्यानांत येईल. तथापि मिरास व ही मालकी या सर्वांशीं एक वस्तु नव्हेत, हेंही सांगितलें पाहिजे. चाळीस शिलिंगांची रक्कम कायदा झाला त्या वेळीं मोठी होती. तीनशें वर्षांत महागाई वाढून ती हलकी झाली, आणि एखादें लहानसें घर किंवा दुकान ज्याच्या मालकीचें आहे असा उपनगरांतील कारागीरही मतदार होऊन बसला. भाड्यानें राहणारा मजूर, मग त्याचा सबंध जन्म त्या गल्लींत गेलेला असो, मतदार नव्हता; स्त्रियांस मत नव्हतें; आणि शहरांत राहणाऱ्या ज्या व्यापाऱ्याचें हॅकनेस एक घर असे तो मात्र मतदार होता. तेव्हां ‘उपनगराचें मत’ असें म्हणतांना तें तेथील मालकांचें मत होय, रहिवाशांचें नव्हे, ही मर्यादा प्रथमच बांधून घेणें अवश्य आहे. पुढें उत्तरकालीन इतिहासकारांनीं या मतदारांची संख्या अजमासें साडेतीन हजार धरली आहे.

(३)

आतां मतवही म्हणजे काय तें पाहूं. त्या काळीं इंग्लंडांत मत गुप्त नसे. मतदारानें ठरलेल्या गांवीं जावें, लिहिणाऱ्या कारकुनापुढें उभें राहावें, आपलें नांव व मिळकत सांगावी आणि सर्वांसमक्ष उमेदवाराचें नांव उच्चारावें. कारकून तें वहींत टिपून घेई. इ. स. १६९६ च्या कायद्यानें ही टिपणी शेरीफावर बंधनकारक केली, व कोणी मागेल त्यास योग्य मोल घेऊन तिची नक्कल देण्यास सांगितलें. इ. स. १७११ च्या कायद्यानें परगण्यांच्या या वह्या सरकारी दप्तरांत जपून ठेवण्याची तजवीज झाली. या दुसऱ्या कायद्याचे आमच्यासारख्या कागदवेड्यांवर मोठे उपकार आहेत.

वहींतील रकाने साधे आहेत. मतदाराचें नांव, त्याचें राहण्याचें ठिकाण, मिळकत कोठें आहे, ती घर आहे कीं जमीन, तींत कोण राहतो, आणि शेवटीं मत कोणास. मिडलसेक्सच्या या वह्या पुढें तेथील परगणा-दप्तरांत राहिल्या व आज लंडनच्या दप्तरखान्यांत आहेत. जॉर्ज रूडे या इतिहासकारानें त्या वह्या जमीनमहसूल व गरीबपट्टीच्या वह्यांशीं ताडून पाहिल्या, व त्यांचा निष्कर्ष इ. स. १९६० व १९६२ मध्यें प्रसिद्ध केला. राजवाडे-खऱ्यांच्या परंपरेंत वाढलेल्या वाचकांस या पद्धतीचें नवल वाटूं नये. एक कागद दुसऱ्या कागदावर घांसून पाहावा, हाच आपल्या गुरुजनांचाही धडा आहे.

(४)

या परगण्याची निवडणूक इतिहासांत गाजली ती जॉन विल्क्स या मनुष्यामुळें. त्याचें खाजगी वर्तन आदर्श नव्हतें, व त्याचे मित्रही तसा दावा करीत नसत. इ. स. १७६३ मध्यें आपल्या पत्राच्या ४५ व्या अंकांत त्यानें राजाच्या भाषणावर कडक टीका केली. त्याबद्दल तो पकडला गेला, सुटला, पार्लमेंटांतून काढला गेला व फ्रान्सांत पळून राहिला. इ. स. १७६८ च्या फेब्रुवारींत तो परत आला व प्रथम लंडन शहरांतून उभा राहिला. तेथें सात उमेदवारांत त्याचा क्रमांक शेवटचा लागला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. यानें लागलीच मिडलसेक्सकडे मोर्चा वळविला.

मतदानाचें ठिकाण परगण्याच्या पश्चिम भागांत ब्रेंटफर्ड येथें होतें. पूर्वेकडील व्हाइटचॅपेलच्या दुकानदारास तेथें जाण्यास सुमारें पांच कोस वाट तुडवावी लागे, आणि एक दिवसाचा धंदा बुडे तो निराळाच. म्हणजे ज्या भागांत विल्क्सचा पक्ष प्रबळ, त्या भागासच मतदान दूर. यावर त्याच्या पक्षानें गाड्या जमविल्या, मतदारांस भल्या पहाटे निघविलें, आणि ४५ चा आंकडा खडूनें दारोदारीं लिहून सबंध रस्ता आपलासा केला. त्या वेळीं लंडनास असलेल्या बेंजामिन फ्रँक्लिननें, शहरापासून पंधरा मैलपर्यंत हमरस्त्यावरचें बहुतेक प्रत्येक दार व खिडकी या आंकड्यानें अंकित झालेली आपण पाहिली, असें लिहून ठेविलें आहे.

२८ मार्च १७६८ रोजीं मतें घेतलीं गेलीं. विल्क्स यास १२९२, जॉर्ज कुक यास ८२७, व सर विल्यम बोशॅम प्रॉक्टर यास ८०७. कुक व प्रॉक्टर हे परगण्याचे जुने प्रतिनिधि. त्यांपैकीं प्रॉक्टर पडला.

येथें आंकडे वाचणारानें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जागा दोन असल्यामुळें प्रत्येकास दोन मतें होतीं, आणि वाटल्यास एकच देऊन दुसरें राखून ठेवण्याची मोकळीक होती. वरील तीन आंकड्यांची बेरीज २९२६ होते. पण ती मतांची बेरीज, माणसांची नव्हे. माणसें कमींत कमी १४६३ व फार तर २९२६ असूं शकतील. नुसत्या बेरजेवरून किती लोक आले हें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं मतवहीच उघडावी लागते.

(५)

कलाविषयीं वही काय सांगते? रूडेच्या तपासाचें सार असें. शहरास लागून असलेल्या पूर्व व उत्तर भागांतील वस्त्यांनीं विल्क्सला उचलून धरलें. पश्चिमेकडील खेड्यांत त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचा जोर राहिला. त्याचे मतदार बहुतांशीं लहान मिळकतीचे धनी, म्हणजे दुकानदार, कारखानदार, कारागीर व व्यापारी होते. जमीनदार, धर्मोपदेशक व सरकारी अधिकारी यांचा ओढा मुख्यतः दुसऱ्या बाजूस. हा भेद अगदीं काटेकोर मात्र नव्हता. धनवान् लोकही विल्क्सच्या बाजूस होते आणि खेड्यांतूनही त्यास मतें पडलीं.

यावरून एक समज ढांसळतो. विल्क्सच्या नांवानें रस्त्यांत आरोळ्या ठोकणारा जमाव आणि ब्रेंटफर्डास जाऊन त्यास निवडून देणारा मतदार हे दोन निराळे लोक होते. जमावांत विणकर, खलाशी व कोळसेवाहक असत, व त्यांतील बहुतेकांस मत नव्हतें. १० मे १७६८ रोजीं विल्क्स ज्या तुरुंगांत होता त्याच्या समोरच्या मैदानांत शिपायांनीं गोळीबार केला व कित्येक माणसें मेलीं. तीं माणसें मतवहींत सांपडावयाचीं नाहींत. उपनगराचा कल त्यांनीं प्राण देऊन दाखविला, पण मोजणारानें तो मोजला नाहीं. साधनांची ही मर्यादा महजर वाचणारासही नित्य जाणवते, कारण सभेंतील साक्षीदार म्हणजे सारा गांव नव्हे.

(६)

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कुक लौकरच वारला व त्याच्या एका जागेसाठीं डिसेंबर १७६८ मध्यें पुन्हां निवडणूक आली. विल्क्सच्या पक्षानें त्याचा वकील जॉन ग्लिन यास उभें केलें. विरुद्ध तोच प्रॉक्टर. ८ तारखेस भाडोत्री गुंडांनीं मतदान उधळून लावलें, त्यांत एक मनुष्य प्राणास मुकला, आणि काम पुढें १४ तारखेस पुरें झालें. ग्लिनला १५४२ मतें पडलीं व प्रॉक्टरला १२७८. जागा एक, म्हणून मतही एक; तेव्हां मतदार बरोबर २८२० आले. साडेतीन हजारांचा अजमास धरल्यास शंभरांत ऐशीं आले. एवढा दंगा झाला असतां, थंडीच्या दिवसांत, एवढी हजेरी!

पुढें फेब्रुवारी १७६९ मध्यें पार्लमेंटानें विल्क्सला काढून टाकलें. १६ फेब्रुवारीस मिडलसेक्सनें त्यास पुन्हां बिनविरोध निवडलें. दुसरेच दिवशीं सभागृहानें त्यास त्या पार्लमेंटापुरता अपात्र ठरविलें. १६ मार्चला तो तिसऱ्यांदा निवडला गेला, आणि तीही निवडणूक रद्द झाली. अखेर सरकारपक्षानें कर्नल हेन्री लट्रेल यास उभें केलें. १३ एप्रिल १७६९ रोजीं, विल्क्स तुरुंगांत असतां, मतें पडलीं तीं अशीं. विल्क्स ११४३, लट्रेल २९६, आणि तिसऱ्या एका उमेदवारास ५.

हे तीन आंकडे ज्याच्या हातीं एकटेच पडतील तो सहज लिहून जाईल कीं, १४४४ मतांपैकीं ११४३ म्हणजे शंभरांत एकुणऐशीं विल्क्सकडे. सबब मिडलसेक्स परगणा जवळजवळ एकमुखानें त्याच्या मागें उभा होता. परंतु चार महिन्यांपूर्वींचा कागद समोर ठेवा. तेव्हां त्याच पक्षास शंभरांत पंचावन्नांहून किंचित् कमीच मतें होतीं. परगणा तोच, मालक तेच, वादही तोच. चार महिन्यांत इतका कल बदलला काय?

बदलला तो कल नव्हे, हजेरी बदलली. डिसेंबरांत २८२० आले होते, एप्रिलांत १४४४. म्हणजे १३७६ माणसें उणीं. शंभरांत ऐशींवरून एकेचाळीस. आणि ही उणीव दोन्ही बाजूंस सारखी पडली नाहीं. विल्क्सच्या पक्षाचीं मतें १५४२ वरून ११४३ वर आलीं, तूट ३९९. विरुद्ध पक्षाचीं १२७८ वरून २९६ वर घसरलीं, तूट ९८२. प्रॉक्टरला मत देणाऱ्यांपैकीं फार मोठा भाग लट्रेलसाठीं घराबाहेर पडला नाहीं, असेंच अनुमान करावें लागतें. पक्कें उत्तर हवें असेल तर दोन्ही वह्यांतील नांवाशीं नांव लावून पाहिलें पाहिजे. बेरजेवरून काढलेलें अनुमान तें अनुमानच.

ते कां आले नाहींत? येथें आम्ही हात आंखडतो. विल्क्स निवडून येणार हें उघड होतें, म्हणून वाट तुडविणें व्यर्थ वाटलें असेल. डिसेंबरांतील मारामारीची दहशत असेल. विल्क्स नकोसा असूनही सभागृहानें लादलेला उमेदवार त्याहून नकोसा झाला असेल. चौघांदेखत नांव उच्चारून तें कायमचें वहींत लिहवून घेण्याचा संकोचही असेल. यांपैकीं कोणतेंही कारण मतवहींत लिहिलेलें नाहीं. आलेल्याचा हेतु त्याच्या मतावरून निदान अंशतः कळतो. न आलेल्याचें मौन अनेकार्थी असतें. मौनं सर्वार्थसाधनम् असें सुभाषितकार म्हणतात. संशोधकाचा मात्र त्या मौनानें एकही अर्थ निश्चयानें साधत नाहीं.

(७)

तथापि हें मौन ज्यांनीं आपल्या सोयीनें वाचलें त्यांची गोष्ट सांगितल्यावांचून हा भाग पुरा होत नाहीं. १५ एप्रिल १७६९ रोजीं सभागृहानें १९७ विरुद्ध १४३ मतांनीं ठरविलें कीं, अपात्र मनुष्यास दिलेलीं मतें दिल्याप्रमाणें नव्हेत; सबब २९६ मतांचा लट्रेल हाच मिडलसेक्सचा प्रतिनिधि. अकराशें त्रेचाळीस माणसें पांच कोस चालून आलीं, नांव सांगून गेलीं, वहींत लिहिलीं गेलीं. आणि एका ठरावानें तीं न आल्यासारखीं झालीं. घरीं बसलेला व ब्रेंटफर्डास गेलेला या दोघांस एकाच मापानें मोजलें गेलें.

मतदारांनीं तें सोसलें नाहीं. इतर परगण्यांतूनही तक्रारअर्ज गेले. इ. स. १७७४ मध्यें विल्क्स व ग्लिन दोघेही मिडलसेक्समधून निवडून आले, आणि ३ मे १७८२ रोजीं सभागृहानें १७६९ चा तो अपात्रतेचा ठराव आपल्या कामकाजाच्या वहींतून काढून टाकला. मतदारानें निवडलेल्यास सभागृहानें आपल्या लहरीनें अपात्र म्हणूं नये, हा नियम त्या तेरा वर्षांच्या भांडणांतून पक्का झाला. पुढें इ. स. १७९० मध्यें विल्क्सला आपला पाठिंबा आटलेला दिसला व त्यानें माघार घेतली. उपनगराचें प्रेम मनुष्यावर होतें त्यापेक्षां त्याच्या निमित्तानें उभ्या राहिलेल्या हक्कावर अधिक होतें, असें आम्हांस वाटतें. विल्क्स स्वतः उमेदवार नसतां ग्लिनला पडलेलीं १५४२ मतें या म्हणण्यास पुष्टि देतात.

(८)

अशी मतवही आतां पुन्हां व्हावयाची नाहीं. इंग्लंडांत इ. स. १८७२ च्या कायद्यानें मत गुप्त झालें व या वह्यांचा ओघ खुंटला. संशोधकाची हानि झाली हें खरें; पण घरमालकाचा, गिऱ्हाइकाचा व अधिकाऱ्याचा डोळा चुकवून मत देण्याची सोय मतदारास झाली, व त्यापुढें आमची हानि क्षुल्लक आहे. हा विचार आपल्या देशास नवा नाहीं. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत भिक्षुसंघाचें मत शलाकांनीं घेण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानांत सांगून, व विवटक म्हणजे उघड. प्रसंग पाहून यांतून निवड करावी लागते, इतका बारीक विचार त्या जुन्या ग्रंथकारांनीं केला होता.

आम्ही शाळामास्तर असतांना निवडणुकीच्या कामावर कित्येक वेळां बसलों आहों. मतदार आला कीं यादींतील त्याच्या नांवावर खूण करावयाची, बोटास शाई लागली कीं तो पडद्याआड जाई. त्या खुणेवरून कोण आलें एवढेंच कळतें, कल कळत नाहीं. आणि तें तसेंच असावें. मिडलसेक्सच्या वहींत दोन्ही रकाने भरलेले आहेत. आमच्या यादींत एकच. म्हणूनच आजच्या एखाद्या उपनगराच्या निकालावरून ‘या वस्तीचा कल अमुक’ असें म्हणणारानें प्रथम हजेरीचा आंकडा विचारावा, व मग मागल्या निवडणुकीचा. एकट्या एप्रिलवर जो विसंबेल तो डिसेंबराविषयीं चुकेल.

आमच्या हातून घडलेला एक प्रमाद येथें कबूल करणें प्राप्त आहे. शाळेचा माळा साफ करतांना एका जुन्या नगरपालिका-निवडणुकीच्या छापील मतदार-याद्यांचा गठ्ठा निघाला. आळ्या, घरक्रमांक, बापांचीं नांवें, वयें, सर्व त्यांत होतें. शेजारींच एक फाटकी संस्कृत पोथी होती. पोथी आम्हीं घरीं आणून कापडांत बांधली, व याद्या रद्दींत दिल्या. त्या पोथीच्या प्रती पुढें आम्हांस अन्यत्र आढळल्या. त्या याद्यांची दुसरी प्रत आजवर आढळली नाहीं.

मंडळाच्या सभासदांपैकीं व वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं जुन्या नगरपालिकांच्या किंवा लोकल बोर्डांच्या मतदार-याद्या, उमेदवारांचीं हस्तपत्रकें अथवा हजेरीचीं टिपणें असल्यास त्यांनीं तीं फेंकूं नयेत, व शक्य तर त्यांची नोंद मंडळाकडे पाठवावी. आलेल्यांचीं नांवें जपलीं तरच न आलेल्यांची संख्या पुढच्यांस काढतां येईल.